हात बसलेला असताना: रझांची १९४८ ते १९५६ ही वर्षं

१९४८ साली सैयद हैदर रझा सव्वीस वर्षांचे होते आणि मुंबईच्या कलाजगतात त्यांचं बरं चाललं होतं. बॉम्बे आर्ट सोसायटीचं रौप्यपदक १९४६ मध्येच मिळालं होतं, १९४८ मध्ये सुवर्णपदकही मिळालं. शहरातले जाणकार त्यांची चित्रं विकत घेत होते, समीक्षक नावानिशी लिहीत होते. जलरंगावर तर त्यांचा हात असा बसला होता की पावसाळ्यातली मुंबई दाखवावी ती रझांनीच. अशा टप्प्यावर चित्रकार सहसा बदलत नाही, कारण बदलायला काही कारणच उरत नाही. पुढच्या आठ वर्षांत मात्र रझांनी आपल्याला चांगलं जमणारं जवळजवळ सगळं बाजूला ठेवलं. पाण्याचा ओघ गेला, पावसाळी उजेड गेला, रस्त्यावरची माणसं गेली. १९५६ मध्ये पॅरिसमध्ये त्यांना समीक्षकांचा मानाचा पुरस्कार मिळाला तेव्हा मुंबईच्या ओळखीतला कुणी ती चित्रं पाहता तर ती त्याच हाताची आहेत हे त्याला पटलं नसतं.

हे कसं घडलं, कशामुळे घडलं आणि त्यासाठी काय द्यावं लागलं, हे या प्रकरणात पाहायचं आहे. रझांचं नाव काढलं की लोक थेट बिंदूकडे, म्हणजे त्यांच्या नंतरच्या चित्रांच्या मध्यावर आलेल्या काळ्या वर्तुळाकडे जातात. तो बिंदू मी मुद्दाम मागे ठेवणार आहे. माझ्या मते चित्रकार म्हणून रझा घडले ते या आठ वर्षांत, आणि ती वर्षं नीट पाहिल्याशिवाय बिंदूची चित्रं फक्त तत्त्वज्ञानाची पाटी म्हणून वाचली जातात.

मुंबईपर्यंतचा रस्ता

जन्म २२ फेब्रुवारी १९२२, मध्य प्रांतातल्या मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावचा. वडील वनखात्यात, त्यामुळे लहानपण नर्मदेच्या खोऱ्यातल्या जंगलात गेलं. शाळा आधी ककैया गावात, मग दमोहला. १९३९ ते १९४३ नागपूर स्कूल ऑफ आर्ट. मग काही काळ गोंदियाच्या सरकारी शाळेत चित्रकला शिक्षक.

१९४३ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळाली, पण मुंबईला पोचेपर्यंत ऑक्टोबर उजाडला. तोवर प्रवेश संपले होते आणि शिष्यवृत्तीही हातची गेली. परत फिरण्याऐवजी रझांनी फिरोजशहा मेहता रोडवरच्या एक्सप्रेस ब्लॉक स्टुडिओत नोकरी धरली. छपाईसाठी लागणारे ब्लॉक बनवण्याचं हे ठिकाण. दिवसभर तिथे काम, संध्याकाळी कलावर्गात अभ्यास. पुढे जे. जे. मध्येही ते शिकले.

या नोकरीकडे चरित्रकार पोटापाण्याची सोय म्हणून पाहतात आणि पुढे जातात. मला ती महत्त्वाची वाटते. ब्लॉकच्या धंद्यात मूळ चित्र जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर उतरवतात, आम्ल बाकीचा पत्रा खातं आणि छापायचा भाग उंच राहतो. डिझाइन करणाऱ्याला सतत विचार करावा लागतो तो असा: कुठला भाग भरीव ठेवायचा, कुठला रिकामा, कुठली कड स्पष्ट राहिली पाहिजे. विरघळत जाणाऱ्या कडा तिथे चालत नाहीत. म्हणजे दिवसभर रझा ठाम आकारांच्या जगात वावरत होते आणि सुटीच्या वेळात चित्रं काढत होते ती पार उलट्या जातीची, पाण्यावर सोडलेली. ही दोन कामं एकमेकांशी बोलू लागली ती कितीतरी नंतर.

मुंबईत त्यांना तीन माणसं भेटली आणि त्या काळातल्या तरुण चित्रकारांच्या गोष्टीत ती पुन्हा पुन्हा येतात. नाझींमुळे युरोप सोडून आलेले हे लोक. वॉल्टर लँगहॅमर हे व्हिएन्नाचे चित्रकार, टाइम्स ऑफ इंडियाचे कलासंचालक. रुडी फॉन लायडन समीक्षक. इमॅन्युएल श्लेसिंगर उद्योजक आणि संग्राहक. लँगहॅमर यांच्या घरी तरुण चित्रकार जमत, युरोपातल्या चित्रांच्या छापील प्रती पाहत, वाद घालत. रझांच्या या काळातल्या रंगांत जो भडकपणा अधूनमधून डोकावतो तो बहुधा लँगहॅमर यांच्या घट्ट, तेजस्वी तैलरंगांच्या सहवासातून आला असावा.

१९४७ च्या अखेरीस फ्रान्सिस न्यूटन सुझांनी पुढाकार घेतला आणि प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहिला. सुझा, रझा, कृष्णाजी आरा, मकबूल फिदा हुसेन, सदानंद बाकरे आणि हरी अंबादास गाडे हे सहाजण. या ग्रुपवर मराठीत भरपूर लिहिलं गेलंय, म्हणून इथे एवढंच नोंदवतो की ग्रुपने रझांना धीटपणा दिला, सोबत दिली. चित्र कसं बांधायचं हे मात्र ग्रुपमधल्या कुणी त्यांना शिकवलं नाही. सहाही जणांच्या वाटा वेगळ्या होत्या.

काय हातचं होतं

रझांनी काय सोडलं हे कळायचं तर आधी जलरंगाचं काम जवळून पाहायला हवं. मुंबई आणि कोल्हापूरकडे जलरंगातल्या निसर्गचित्राची परंपरा तेव्हा ऐन भरात होती. आबालाल रहिमान यांनी कोल्हापूरची तळी आणि सकाळ ज्या हळुवारपणे कागदावर आणली ती मराठी रसिकाला सांगायला नको. परांडेकर, हळदणकर यांच्यासारख्यांनी मुंबईत या माध्यमाला मान मिळवून दिला होता. वार्षिक प्रदर्शनांत जलरंगाचं काम बारकाईने पाहिलं जाई, आणि चांगल्या वॉशला, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाच्या एकसलग हाताला, दाद देणारे डोळे या शहरात होते.

या पद्धतीत कागद बोर्डावर ताणून ओला करतात. आकाशाचा वॉश एका दमात सोडायचा, तो ओला असतानाच लांबच्या इमारतींचा राखाडी रंग त्यात टेकवायचा, म्हणजे कडा आपोआप पसरतात आणि धुकं तयार होतं. कागद अर्धवट वाळला की मधल्या अंतरावरची झाडं आणि गाड्या. पूर्ण वाळल्यावर पुढची माणसं, छत्र्या, टांगे, चार-दोन फटकाऱ्यांत. पांढरा रंग लावायचा नाही. जिथे उजेड हवा तिथे कागद कोरा राखायचा. ओल्या रस्त्यावरची चमक म्हणजे न रंगवलेला कागद. चूक झाली तर दुरुस्ती जवळजवळ नाहीच, कारण फार घासलं की कागद उलतो. म्हणून या माध्यमात वेग, अंदाज आणि धाडस यांना बक्षीस मिळतं. विचार करून रचत बसणाऱ्याला ते साथ देत नाही.

रझांकडे वेग होता, अंदाज होता, धाडसही होतं. चाळिशीच्या दशकातल्या त्यांच्या मुंबईच्या रस्त्यांच्या चित्रांत पाऊस खरोखर पडतो. ही चित्रं कमअस्सल होती असं मी अजिबात म्हणत नाही. आजही ती समोर आली की मन प्रसन्न होतं. अडचण वेगळीच होती. चित्राचा तोल पाण्यावर आणि हवेवर अवलंबून होता. धुकं काढून घेतलं तर खाली चित्राला पेलणारं काही उरेल का, हा प्रश्न मुंबईत त्यांना कुणी विचारला नव्हता.

काश्मीर, १९४८

तो प्रश्न विचारला एका छायाचित्रकाराने. १९४८ मध्ये रझा काश्मीरला गेले, भरपूर काम केलं, श्रीनगरमध्ये प्रदर्शन भरवलं. तिथे त्यांची आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्याशी गाठ पडली. गांधीजींच्या अखेरच्या दिवसांची आणि अंत्ययात्रेची छायाचित्रं टिपून ब्रेसाँ त्या वर्षी भारतात फिरत होते. त्यांनी रझांची चित्रं पाहिली आणि जे सांगितलं ते रझांनी पुढे आयुष्यभर अनेक मुलाखतींत सांगितलं. मथितार्थ असा: तुमच्याकडे गुण आहे, रंगाची जाण आहे, पण चित्रात बांधणी नाही. घराला जसा पाया लागतो, भिंती लागतात, तुळया आणि छप्पर लागतं, तसं चित्र बांधावं लागतं. फ्रेंच चित्रकार सेझानचा अभ्यास करा.

छायाचित्रकाराने चित्रकाराला असं सांगावं याचं अनेकांना नवल वाटतं. पण ब्रेसाँ मुळात चित्रकलेचे विद्यार्थी. विशीच्या उंबरठ्यावर त्यांनी पॅरिसमध्ये आंद्रे लोत यांच्याकडे धडे घेतले होते. लोत हे घनवादी पिढीतले चित्रकार, आणि चित्राच्या भूमितीबद्दल अतिशय काटेकोर शिक्षक. चौकटीतली प्रत्येक रेष दुसऱ्या रेषेशी काय नातं सांगते हे पाहण्याची जी सवय ब्रेसाँच्या छायाचित्रांत दिसते ती तिथली. म्हणजे काश्मीरमध्ये रझांपुढे उभा होता तो कॅमेरा घेतलेला पाहुणा असला तरी त्याच्यामागे पॅरिसच्या एका स्टुडिओची आख्खी शिस्त होती. सल्ला नेमका होता याचं कारण हे.

सल्ले सगळ्यांनाच मिळतात. हा रुजला, कारण जमीन त्याच वर्षी नांगरली गेली होती. आई १९४७ मध्ये गेली, वडील १९४८ मध्ये. फाळणीनंतर भावंडं पाकिस्तानात गेली, रझा इथे राहिले. आणि काश्मीरमध्ये त्यांनी बारामुल्ला पाहिलं. १९४७ च्या ऑक्टोबरमधल्या टोळीवाल्यांच्या हल्ल्यात उद्ध्वस्त झालेलं हे गाव. ‘बारामुल्ला इन रुइन्स’ हे १९४८ चं चित्र या प्रकरणातला माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा पुरावा आहे. मुंबईच्या रस्त्यांवर सतत वाहणारी माणसं इथे नाहीत. आहेत ती घरं, किंवा घरांचं जे उरलंय ते. माणूस निघून गेल्यावर घर म्हणजे भिंती, कोन आणि पोकळी एवढंच राहतं. बांधणीचा धडा रझांना शब्दांत मिळाला ब्रेसाँकडून, पण डोळ्यांसमोर मिळाला तो पडलेल्या गावात. मोडलेल्या घरातच ते कशावर उभं होतं हे दिसतं.

या दोन गोष्टी एकाच वर्षी, एकाच प्रदेशात घडल्या. त्यातली एकच पकडून ‘ब्रेसाँच्या एका वाक्याने रझा बदलले’ असं लिहिणं सोपं आहे, आणि तसं बरंच लिहिलं जातं. मला ते अपुरं वाटतं.

तयारी आणि प्रस्थान

मुंबईला परतल्यावर रझांनी आलियाँस फ्रान्सेजमध्ये फ्रेंच शिकायला सुरुवात केली. ७ जुलै १९४९ रोजी प्रोग्रेसिव्ह ग्रुपचं मुंबईतलं पहिलं प्रदर्शन उघडलं, उद्घाटक मुल्कराज आनंद. त्याच वर्षी सुझा लंडनला गेले. रझांना फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि ऑक्टोबर १९५० मध्ये ते बोटीने फ्रान्सला निघाले. पॅरिसच्या एकोल दे बोझारमध्ये त्यांनी १९५३ पर्यंत शिक्षण घेतलं. जानीन मोंजिला ही त्यांची तिथली सहाध्यायी. १९५९ मध्ये दोघांनी लग्न केलं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, सुवर्णपदक खिशात असताना, रझा पुन्हा विद्यार्थी झाले. पॅरिसमध्ये त्यांच्या मुंबईच्या वॉशला कुणी विचारणार नव्हतं. ज्या चित्रांच्या छापील प्रती लँगहॅमर यांच्या घरी पाहिल्या होत्या ती आता भिंतीवर मूळ रूपात होती. सेझानच्या बाबतीत हा फरक फार मोठा ठरतो. छपाईत त्याचा डोंगर नुसता डोंगर दिसतो. मूळ चित्रापुढे उभं राहिलं की कळतं, शेजारशेजारचे ब्रशचे लहान पट्टे एकमेकांना टेकू देत उभे आहेत; एक काढला तर बाजूचा ढळेल.

ओ द कान्य, १९५१

पॅरिसला गेल्यावर वर्षभरात रझांनी जे काम केलं त्यातलं ‘ओ द कान्य’ हे चित्र डोळ्यांपुढे ठेवून बोलू. कान्य हे दक्षिण फ्रान्समध्ये नीसजवळचं गाव. त्याचा जुना भाग टेकडीवर, माथ्यावर गढी, आणि घरं एकमेकांच्या खांद्यावर चढलेली. या गावाला चित्रकारांचा इतिहास आहे. रन्वारने आयुष्याची शेवटची वर्षं इथेच काढली. सुतीनने १९२० च्या दशकात इथली घरं अशी रंगवली की ती वळतात, घसरतात, जणू वादळात सापडली आहेत.

रझांनी तेच गाव घेतलं आणि त्याला पूर्ण थांबवलं. घरं कोनदार, भूमितीच्या आकारांसारखी. कडा सरळ, रंग सपाट आणि घट्ट. माणूस नाही, झाडाची सळसळ नाही. आणि वर आकाशात काळा सूर्य.

माध्यम बदललं होतं: गुआश. हाही पाण्यात कालवायचा रंग, पण अपारदर्शक. गडदावर फिका चढवता येतो, चुकलेला आकार झाकून नवा मांडता येतो, कड हवी तितकी धारदार ठेवता येते. मुंबईच्या वॉशमध्ये जो निर्णय एका क्षणात घ्यावा लागे तो इथे दहा वेळा बदलता येतो. म्हणजे माध्यमानेच रझांना थांबून विचार करायला लावलं. ब्लॉक स्टुडिओतली भरीव आणि रिकाम्याची शिस्त मला इथे पहिल्यांदा चित्रात उतरलेली दिसते.

पण खरा पालट त्या काळ्या सूर्यात आहे. त्याचा अर्थ लोक उदासीत शोधतात, परक्या देशातल्या एकटेपणात शोधतात, फाळणीतही शोधतात. असेलही त्यात काही. मी त्याच्याकडे कामाच्या बाजूने पाहतो. जलरंगी निसर्गचित्रात उजेड एका जागेहून येतो आणि सगळं चित्र त्या उजेडावर तरतं. सूर्य काळा केला की उजेडाचं उगमस्थानच बंद होतं. आता भिंत उजळ दिसायची असेल तर ती शेजारच्या गडद भिंतीमुळेच दिसली पाहिजे; बाहेरून मदत नाही. हवेचा, हवामानाचा आधार तोडून रझांनी स्वतःला रंगांच्या परस्परसंबंधांवर उभं राहायला भाग पाडलं. इतकं कठोर बंधन माणूस स्वतःवर घालतो ते आपल्याला कशाची सवय लागली आहे हे त्याला पुरतं ठाऊक असतं तेव्हाच.

सेझाननेही असं एक टेकडीवरचं गाव रंगवलं आहे, गार्दान, १८८५-८६ च्या सुमारास. घरांचे ठोकळे चढत चढत चर्चच्या मनोऱ्यापर्यंत जातात. ही चित्रं आणि रझांचं कान्य शेजारी ठेवलं तर शिष्याने गुरूकडून काय घेतलं आणि काय नाही हे स्पष्ट होतं. चढण घेतली, ठोकळे घेतले. सेझानचा थरथरता ब्रश मात्र घेतला नाही. त्याऐवजी सपाट, सीमाबद्ध रंग आला, आणि तो मला भारतीय लघुचित्रांकडे नेतो, जिथे वाडे, गच्च्या, चौकटी एकावर एक मांडलेल्या असतात आणि कुणावर सावली पडत नाही. त्या काळच्या पॅरिसमध्ये बर्नार ब्यूफेच्या काळ्या, टोकदार रेषांचाही बोलबाला होता. १९४८ मध्ये विशीत असतानाच समीक्षकांचा पुरस्कार मिळवलेला हा चित्रकार रझांच्या नजरेआड राहिला असणं शक्य नाही, आणि कोनदार घरांत त्याची थोडी छाया आहेही. पण ब्यूफेकडे रेष रंगावर सत्ता गाजवते. रझांकडे रंगाची जागा रंगानेच ठरते.

एवढ्यावर थांबता आलं असतं

१९५१ ते १९५३ मधली ही गुआश चित्रं इतकी पक्की आहेत की त्यांवर आयुष्य काढणं शक्य होतं. १९५२ मध्ये पॅरिसच्या सेंट प्लासीद गॅलरीत रझा, सुझा आणि अकबर पदमसी यांची चित्रं एकत्र लागली, लोकांनी पाहिली. तरीही रझा दुसऱ्यांदा हललेच. ही दुसरी हालचाल पहिल्याइतकी चर्चेत नसते, आणि माझ्या मते ती जास्त अवघड होती.

कारण बांधणी शिकताना काहीतरी हरवलं होतं. कान्यच्या घरांत श्वास नाही. रंग आज्ञाधारक झाला आहे, प्रत्येक जण आपापल्या चौकटीत. मंडलाच्या जंगलात वाढलेल्या, मुंबईचा पाऊस रंगवलेल्या माणसाला हे कायमचं पुरणार नव्हतं. १९५३ च्या सुमारास रझा तैलरंगाकडे वळले. इटलीत सिएनाच्या जुन्या चित्रकारांचं काम त्यांनी पाहिलं होतं; सोनेरी पार्श्वभूमी, लाल, निळा, आणि अवकाशाची आपली स्वतंत्र शिस्त. फ्रान्समध्ये निकोला द स्टाल रंगाचे जाड थर नाइफने, म्हणजे रंग लावायच्या पातळ पातीने, थापून निसर्गचित्रं करत होता, आणि त्या थापलेल्या चौकोनांतही समुद्र आणि आकाश ओळखू येत होतं.

रझांच्या १९५३ ते १९५६ च्या तैलचित्रांत गाव अजून आहे. घरं आहेत, चर्च आहे, झाडं परत येऊ लागली आहेत. पण आता रंग जाड आहे, नाइफने ओढलेला, आणि कड पुन्हा सैल होते आहे. फरक असा की मुंबईत कड पाण्यामुळे सैल होत असे आणि चित्रकाराला तिच्यामागे धावावं लागे. इथे ती सैल होते कारण खालचा सांगाडा भक्कम आहे आणि चित्रकाराला त्याचा भरवसा आहे. चांगला भजनी मृदंगाच्या ठेक्याची खात्री पटल्यावरच आलापीत मोकळा सुटतो, तसं काहीसं. लाल, काळा, हिरवा यांच्यात पुन्हा ऊब आली. त्या चित्रांपुढे उभं राहिलं की १९४८ च्या सल्ल्याचं ओझं उतरलेलं जाणवतं.

लारा व्हँसी या पॅरिसच्या गॅलरीशी त्यांचं नातं याच सुमारास जुळलं आणि पुढे वर्षानुवर्षं टिकलं. १९५६ मध्ये ‘प्री द ला क्रितीक’ हा समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. फ्रेंच नसलेल्या चित्रकाराला तो पहिल्यांदाच दिला गेला होता.

पॅरिसला गेले म्हणून झालं?

असं म्हणणारे पुष्कळ. त्यांच्यासाठी ग्रुपमधल्याच गाडे यांचं उदाहरण पुढे ठेवतो. हरी अंबादास गाडे विदर्भातले, तळेगाव दशासरचे. विज्ञानाचे पदवीधर, मग नागपूर स्कूल ऑफ आर्ट, म्हणजे रझांचीच शाळा. ग्रुपमध्ये निसर्गचित्रावर जीव असलेले मुख्यतः हे दोघे. गाड्यांनी मुंबईत राहूनच नाइफ हाती घेतला, दृश्याचे तुकडे केले, रंगांच्या तर्कावर घरं आणि टेकड्या रचल्या. बांधणीचा प्रश्न त्यांनाही पडला होता आणि त्यांनी तो आपल्या रीतीने सोडवायला घेतला. त्यांची चित्रं आज फार कमी जणांना आठवतात याची मला मनापासून हळहळ वाटते. मराठीत तरी गाड्यांवर सविस्तर लिहिलं जायला हवं.

गाड्यांकडे पाहिल्यावर पॅरिसचं श्रेय नेमकं करता येतं. पॅरिसने रझांना प्रश्न दिला नाही; तो मुंबईतून आणि काश्मीरमधून सोबत आला होता. पॅरिसने मूळ चित्रं दिली, सलग वेळ दिला, आणि एक गोष्ट अशी जी मायदेशात मिळणं कठीण होतं: कौतुक करणाऱ्या ओळखीच्या माणसांपासून दूर राहण्याची सोय. मुंबईत राहून रझांनी जलरंग थांबवला असता तर दर प्रदर्शनात कुणीतरी विचारलंच असतं, यंदा पावसाचं चित्र नाही का?

बिंदूबद्दल, थोडक्यात

ककैयाच्या शाळेत नंदलाल झारिया नावाच्या शिक्षकांनी चंचल मुलाला भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे पाहत बसायला सांगितलं, ही गोष्ट रझा आवडीने सांगत. ती खरीच आहे आणि सुंदरही आहे. पण तिच्यावरून असं चित्र उभं राहतं की बिंदू बालपणीच पेरला गेला आणि पुढे आपोआप उगवला. मधली चाळीस वर्षं मग नुसती वाट पाहण्याची ठरतात. हे मला पटत नाही. सत्तरच्या दशकात भारताच्या फेऱ्या वाढल्या, अजिंठा-वेरूळ, बनारस, राजस्थान, गुजरात पुन्हा पाहिले, आणि त्यानंतर बिंदू त्यांच्या चित्रांच्या मध्यावर आला. आठवण जुनी होती. तिला कॅनव्हासवर उभं करण्याचं बळ १९५१ च्या टेकडीवर कमावलेलं होतं. एक काळं वर्तुळ आणि त्याखाली रंगांची शिस्तशीर मांडणी हे कान्यमध्येच झालं होतं, तेव्हा त्याला सूर्य म्हणत होते. १९८१ च्या ‘माँ’ या चित्रात कवी अशोक वाजपेयींची ओळ आहे आणि काळा बिंदूही आहे. त्यातली भावना मंडलाची, पण तिला धरून ठेवणारी चौकट या आठ वर्षांतली.

कलाशाळेत शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे की रझा शिकवताना मुलांना आधी मुंबईचा एक जलरंग, मग बारामुल्ला, मग कान्य आणि शेवटी १९५६ च्या आसपासचं एक तैलचित्र दाखवावं. बिंदूची चित्रं त्यानंतरच्या तासाला. मुलं स्वतःच विचारतील की हा माणूस एवढं छान जमत असताना ते का सोडतोय, आणि त्या प्रश्नावर वर्गात एक तास सहज जातो.

पुरस्कारानंतरची वर्षं त्या प्रश्नाला आणखी धार आणतात. १९५८ पर्यंत गावांतली घरं पुन्हा वितळायला लागली होती, चर्चचा मनोरा रंगाच्या राशीत ओळखावा लागत होता. १९६२ मध्ये रझा कॅलिफोर्नियात बर्कलीला शिकवायला गेले. तिथे अमेरिकन चित्रकारांचं, विशेषतः रॉथकोचं काम त्यांनी पाहिलं, आणि पुढे तैलरंग सोडून झटपट वाळणाऱ्या ॲक्रिलिकला हात घातला. पाण्यात कालवायच्या रंगाकडे ते असे परत आले, पण या वेळी कागदावर नाही, कॅनव्हासवर.